समुद्रात भिजलेल्या कापडाचा कोट

माणसाला कोटातून सोडवायला कात्री लागते, ही गोष्ट मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी मालगुंडास कळली. तोवर कोट अंगात घालायचा असतो आणि अंगातून काढायचा असतो, अशा भ्रमात मी होतो.

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या आसपासची. मी तेव्हा रत्नागिरी बंदरात कारकून होतो आणि मांडवीला आईवडिलांकडे राहत होतो. अंगाने मी... कसं सांगू? आई म्हणे, "भरलेला." वडील, म्हणजे आमचे अण्णा, म्हणत, "प्रशस्त." मांडवीवरची पोरं जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. बंदरातल्या हमालांनी एकदा मला माल तोलायच्या काट्याच्या एका पारड्यात बसवलं आणि दुसऱ्यात मिठाचं पोतं ठेवलं. पोतं वर गेलं. मग त्यावर आणखी अर्धं पोतं ठेवलं. तेही वर गेलं! हमाल हसले, साहेब हसला, मीही हसलो (न हसून सांगतो कोणाला?) आणि घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मला दुःख झालं की भूक लागते.

आईला मात्र मी रोज वाळलेला दिसे. संध्याकाळी पायरी चढलो की ती कपाळाला हात लावी. "कसा झालायस रे दत्तू! गालफडं बसली मेली! कचेरीत लिहितोस की ओझी वाहतोस?" माझी गालफडं बसायची तर आधी ती कुठे आहेत हे शोधायला हवं होतं. पण आईचे डोळे ते आईचे डोळे.

आता अशा माणसाने दुसऱ्याच्या अंगाबद्दल तोंड उघडताना जरा विचार करावा की नाही? मी केला नाही. आदल्या वर्षी आम्ही पालीला मुलगी बघायला गेलो होतो. चांगली हसतमुख मुलगी. अण्णांनी तिला अंगणात चालून दाखवायला सांगितलं; एकदा नीट दिसलं नाही म्हणून दुसऱ्यांदा. मी खुर्चीत बसून (खुर्ची कुरकुरत होती) चहाचे घुटके घेत बघत होतो. घरी आल्यावर आम्ही कळवलं, "मुलगी अंगाने जरा जड वाटते. जोडा शोभणार नाही." हे शब्द माझे. माझे! जोडा शोभला नसता हे खरंच होतं म्हणा. माझ्या शेजारी ती बिचारी काडी दिसली असती.

पण पालीचा बाजार म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचा रस्ता. तिथे बोललेलं दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत पोचतं. "मिठाचं दीड पोतं मुलीला जड म्हणतंय!" असं बंदरापासून कोर्टापर्यंत झालं आणि त्यानंतर वर्षभर आम्हाला कोणी मुलगी दाखवेना. आईने देव पाण्यात ठेवले. तेवढ्यात मालगुंडच्या एका गुरुजींच्या मुलीची गोष्ट आली. द्वारका तिचं नाव. दिसायला नीटस, चार बुकं शिकलेली, आणि घरी शिवणाचं यंत्र. गावातली निम्मी पोलकी तीच शिवत असे. आई म्हणाली, "ही गेली तर तू कायमचा राहिलास हो बाबा." मलाही ते मनातून कळत होतं. ही मुलगी मला हवी होती, अगदी न बघता हवी होती.

म्हणून ठरलं, की दत्तूला नवा कोट शिवायचा. इथून आमच्या घराण्याच्या अकलेची परीक्षा सुरू झाली.

त्याच सुमारास बाजारातल्या शंभूशेट कापडवाल्याने हाकाटी केली, की जयगडाच्या तोंडाशी गलबत फुटलं आणि त्यातला भिजलेला माल त्याच्याकडे आलाय. फुटक्या गलबताचा माल म्हटला की आमच्याकडच्या माणसाचा विवेक सुटतो. परदेशात जाणारं उंची कापड, केवळ समुद्राचं पाणी लागलं म्हणून मातीमोल! सगळी रत्नागिरी शंभूशेटच्या ओट्यावर लोटली. अण्णा कोर्टात बेलिफ होते, नुकते निवृत्त झालेले. ते असे कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवणारे नव्हेत.

"शंभूशेट, हे कापड समुद्रात भिजलेलं कशावरून? पुरावा?"

"जीभ लावा, अण्णा."

अण्णांनी भर बाजारात कापडाच्या कोपऱ्याला जीभ लावली. डोळे मिटले. उघडले. "खारट आहे!" ते म्हणाले. लगेच मागच्या चौघांनी जिभा लावल्या, मग दहांनी. अर्ध्या तासात त्या गठ्ठ्याचा एक कोपरा गावाने चाटून स्वच्छ केला. अण्णांनी त्यातलं निळ्या रंगाचं उरलेलं शेवटचं कापड घेतलं. एका साध्या माणसाच्या कोटाला ते पुरलं असतं. घरी येऊन त्यांनी आईला त्यातली खुबी सांगितली. "कोरं कापड शिवण्याआधी भिजवावं लागतं, नाहीतर मागून आटतं. हे समुद्रानेच भिजवून दिलंय. आटायचं ते आटून झालं. आपला एक व्याप वाचला!"

राहिलं माप. दाजी शिंप्याची पद्धत अशी, की तो रस्त्यालगतच्या ओट्यावर गिऱ्हाइकाला उभं करून माप घेई आणि ओरडून सांगे. आत यंत्रावर बसलेला त्याचा भाऊ ते वहीत लिही. भाऊ कानाने कमी. मागच्या खेपेला माझं माप असं झालं होतं:

"पोट बेचाळीस!"

"किती?"

"बेचाळीस!"

"अरे, घेर मागून सांग! आधी पोट सांग!"

"पोटच सांगतोय!"

समोरचा पानवाला चुना लावायचा थांबला. रस्त्यावरून चाललेली दोन माणसं माघारी आली. त्या दिवसापासून मी दाजीच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही अशी शपथ घेतली होती. तशी गरजही नव्हती, कारण आमच्याकडे बरेचसे कपडे अंगावर माप घेऊन शिवतच नसत. जुना कपडा शिंप्याकडे द्यायचा, तो 'मापाचा' म्हणून. आईने ट्रंकेतून माझा मापाचा कोट काढला. तो मी नोकरीला लागलो तेव्हाचा, म्हणजे पाच वर्षांपूर्वीचा. तो अण्णांच्या हातात देऊन ती म्हणाली, "दाजींना सांगा, ह्याहून बोटभर आतच घ्या. फार वाळलाय तो."

मी ऐकलं. तोंडात घावन होतं; ते गिळेपर्यंत अण्णा पायऱ्या उतरून गेले होते. (खोटं कशाला बोलू? घावन गिळायला मला कधी वेळ लागला नाही. आई म्हणते ते खरं असावं असं मलाच वाटत होतं, म्हणून गप्प बसलो.)

कोट आला तो मालगुंडास जायच्या आदल्या दिवशी. मी हात घातले, पाठ घातली, आणि पुढची दोन टोकं एकमेकांकडे ओढू लागलो. ती येईनात. रुसलेल्या जावांसारखी ती दोन बाजूंना उभी!

"अगदी अंगाबरोबर बसलाय," आई म्हणाली.

"पुढे उघडा आहे, आई."

"वारा लागायला बरा."

अण्णा मला तसाच, कोटासकट, भर उन्हात दाजीच्या ओट्यावर घेऊन गेले. म्हणजे ज्या ओट्यावर जायचं नाही म्हणून हा सगळा घाट, त्याच ओट्यावर मी उभा, आणि आता तर पोट कोटातून बाहेर!

"दाजी," अण्णा म्हणाले, "कोट लहान झाला आहे. पुरावा समोर उभा आहे."

दाजीने माझ्याभोवती एक फेरी मारली. "अण्णानू, कोट मापाबरहुकूम हाय. ह्यो तुमचा मापाचा कोट. ह्याच्याहून बोटभर आत, वैनींनी सांगितला तसा. कोट बरोबर हाय. माणूस चुकलाय."

"मग शिवण उसव आणि वाढव."

"वाढवू कशानं? शिवणीत माया ठेवायला कापड व्हता कुठं? तुमी पाऊण माणसाचा कापड दिलंत नि दीड माणसाचा कोट मागताव!"

समोरच्या ओट्यावरून शंभूशेट चप्पल न घालताच धावत आला. "माझ्या कापडाला नावं ठेवायचं काम नाय! ह्याच कापडात पलीकडच्या तलाठ्याचा कोट झाला, बंडी झाली नि वर टोपी झाली!"

"तलाठी केवढा?" अण्णांनी विचारलं.

"माणसाएवढा!"

ते तिघे आपसांत भांडत होते तोवर मला बरं वाटत होतं. शिंपी कापडाला दोष देत होता, कापडवाला शिंप्याला, अण्णा दोघांना. पण हळूहळू तिघांचे आवाज खाली आले, तिघे वळले आणि तिघांनी एकदम माझ्या पोटाकडे बघितलं. रत्नागिरीच्या बाजारात शिंपी, कापडवाला आणि गिऱ्हाईक यांचं एकमत झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

"ह्येच्यापुढं विलाज नाय," दाजी म्हणाला. "श्वास आत घेतलान तर तीन बटणं लागतील. मग हात वर करायचे नाय, वाकायचा नाय, हसायचा नाय."

"नि उद्यापर्यंत जेवायचं नाय," शंभूशेटने पुस्ती जोडली. जाता जाता पानवाल्यानेही सल्ला दिला, तो मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट चढवायला आई, अण्णा आणि शेजारच्या काकू अशी तीन माणसं लागली. आईने पाठीमागून दाबलं, काकूंनी पुढून ओढलं, अण्णांनी "श्वास आत!" असा हुकूम सोडला. तिसरं बटण लागलं तेव्हा काकूंनी टाळी वाजवली. आता तुम्ही विचाराल, की कोट घडी करून न्यावा, मालगुंडास पोचल्यावर घालावा, एवढी अक्कल नव्हती का? होती. पण तिकडे चढवायला तीन माणसं आणायची कुठून? मुलीकडच्यांना सांगायचं, 'जरा धरा हो'? आणि आत सदरा होता तो पाठीवर विरून गेलेला. अण्णांचं तत्त्व असं, की कोटाच्या आत काय आहे हे फक्त देव बघतो, आणि देव कुठे बोलतो!

फाल्गुनातलं ऊन. अण्णा पुढे, मी मागे, असे चालत निघालो. शिरगावच्या पुढे खाडी लागते. तरीची होडी चालवणाऱ्या खारव्याने मला लांबून येताना बघितलं आणि होडीतल्या चार माणसांना एका बाजूला सरकवलं.

"तुमी मदी बसा, भाऊनु. नि दोनी बाजूंना सारका वाटून बसा."

होडीत बायका होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसायची मनाई होती. पलीकडच्या काठाला होडी लागली, माणसं उतरली, मी शेवटी उठलो आणि काठावर पाय दिला. इतर माणसं पाय देतात तेव्हा होडी हलते. मी दिला तेव्हा ती उभी राहिली! मी खाडीत बसलो. छातीपर्यंत पाणी, डोक्यावर टोपी शाबूत, आणि हात आडवे, कारण ते खाली येतच नव्हते.

अण्णांनी काठावरून बघितलं आणि मोठ्या धीराने म्हणाले, "काळजी नको! ते कापड समुद्रातलंच आहे. त्याला पाण्याची ओळख आहे."

ओळख असेल, पण वैर जुनं असावं. खाडीपासून थोडं चालल्यावर माझ्या लक्षात आलं, की पांढरं शुभ्र धोतर मांड्यांपासून खाली निळं होत चाललंय. मग मान निळी झाली. घाम पुसायला हात उचलला (जेवढा उचलला जात होता तेवढा) तर गालही निळा झाला. हे एक वेळ चाललं असतं. पण वरून ऊन, खालून कातळ तापलेला, आणि मधे मी. कोट माझ्या अंगावरच वाळू लागला. आरे गावाची चढण चढताना माझी मनगटं उघडी पडली. पुढे वारे गावाच्या उतारावर बाह्या कोपरांकडे निघाल्या. नेवऱ्याला पोचेतो मला कोणीतरी पाठीमागून दोन्ही हातांनी कवळ घालून आवळतंय असं वाटू लागलं.

"अण्णा," मी म्हटलं, "कोट आटतोय."

"अशक्य."

"अण्णा, श्वास..."

"हळूहळू घे. एकदम घेऊ नकोस."

"बटणं... काढा."

अण्णांनी प्रयत्न केला. भिजलेल्या काजात बटणं अशी अडकली होती, की कोर्टाचा हुकूम आणला असता तरी ती हलली नसती. "मग कापा!" मी म्हटलं. अण्णा दोन पावलं मागे सरले. "नवा कोट? आणि मुलीकडे काय विरलेल्या सदऱ्यात बसणार? अरे, एवढी एक गोष्ट जमू दे, मग वाटेल तर जाळ तो कोट!" एवढी एक गोष्ट जमू दे, असं माझंही म्हणणं होतं. म्हणून तसाच चाललो, दोन्ही हात बाजूला पसरून. वाटेत एका गुराख्याने मला बघून म्हशी बाजूला घेतल्या.

मालगुंडास गुरुजींनी आमचं स्वागत छान केलं. ते साधे, किडकिडीत गृहस्थ. जावई निळा बघून त्यांनी फक्त चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. पण गुरुजींची थोरली बहीण, मुलीची आत्या, तिथे होती. ती उंबऱ्याजवळ पाटावर बसली होती आणि तिने मला डोक्यापासून पायापर्यंत असं बघितलं, जसं आम्ही मुली बघतो.

"काय गो बाई हे! मुलगा निळा कशानं?"

"प्रवासाचा शीण," अण्णा म्हणाले.

दडपे पोहे आले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू. सकाळपासून पोटात कण नव्हता. मी बशीकडे हात नेला; हात बशीपर्यंत गेला, पोहे उचलले गेले, पण कोपर वाकेना! घास तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला. मी मान पुढे काढली. कॉलरीने मान मागे खेचली. शेवटी मी घास परत बशीत ठेवला.

"त्याला पोहे आवडत नाहीत," अण्णांनी सांगितलं. एवढं मोठं खोटं त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत बोललेलं नव्हतं.

"अंगावरून तसं वाटत नाय," आत्या म्हणाली. मग पाट पुढे सरकवून ती बसली आणि शांतपणे म्हणाली, "जरा उठून चालून दाखवा बघू."

अण्णांचा आवाज चढला. "मुलाला चालायला सांगता? कोणत्या कायद्यात?"

"मुलीला सांगतात त्याच कायद्यात," आत्या म्हणाली. "पालीची मुलगी माझ्या नणंदेची. तिला तुम्ही अंगणात चालवलीत. एकदा दिसलं नाय म्हणून दोनदा. नि मागून कळवलंत, अंगाने जड. ती पोर चार दिवस जेवली नाय. तुमच्या मुलाला मी एकदाच चालायला सांगतेय."

अण्णा खाली बघू लागले. दाराच्या फटीत बांगड्या वाजल्या. म्हणजे द्वारका तिथे उभी राहून सगळं ऐकत होती. मी उठलो. तोंड उघडलं. मग मिटलं. आणि चाललो. ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात पसरलेले, धोतर निळं, कोपरापर्यंत चढलेल्या बाह्या. एकदा सांगितलं होतं, मी दोनदा चाललो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

परत येऊन बसलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. कोट आता फासळ्यांत रुतत होता. मी जिवाच्या आकांताने एक श्वास घेतला, आणि वरचं बटण सुटलं ते थेट अण्णांच्या कपाळावर! पण खालची दोन तशीच. त्यांचं इमान मानलं पाहिजे. मला वाटतं माझी मान एका बाजूला कलली असावी, कारण गुरुजी "पाणी, पाणी!" म्हणून ओरडले आणि आत्या "कांदा आण गो!" म्हणाली.

द्वारका आली ती ना पाणी घेऊन ना कांदा. तिच्या हातात शिवणाची मोठी कात्री होती.

"आत्या, बाजूला हो गो. तुम्ही हलू नका. श्वास सोडा. सगळा सोडा."

माझी आणि माझ्या बायकोची ती पहिली भेट. मुलगी बघायला गेलो होतो. तिला मी बघितलीच नाही, ती माझ्या पाठीमागे होती. पाठीच्या शिवणीतून कात्री कर्रकन वर गेली, आणि मी सुटलो! एवढा मोठा श्वास घेतला, की समईची वात हलली. मग आत्याने माझ्या पाठीकडे बघितलं आणि घाईने तोंड फिरवलं. अण्णांच्या तत्त्वातला देव त्या दिवशी एकटा नव्हता.

द्वारकाने कोटाचं कापड बोटांत चोळलं. "हे भिजवल्याशिवाय शिवलंत?"

"समुद्रात भिजलंय ते!" अण्णा कपाळ चोळत म्हणाले. "मी स्वतः जीभ लावून खात्री केली!"

"कुठे लावलीत?"

"कोपऱ्याला."

"दुसऱ्या कोपऱ्याला लावलीत?"

अण्णा निवृत्त बेलिफ. या उलटतपासणीत ते नुसतं कपाळ चोळत राहिले. "हे गलबतातलं कापड नव्हे," द्वारका म्हणाली. "अगदी कोरं आहे, नुसतं खळीवर उभं. रंगही कच्चा. एक कोपरा तेवढा कोणी मिठाच्या पाण्यात बुचकळून ठेवलान असेल." म्हणजे गलबत फुटलं नव्हतं, माल वाहून आला नव्हता, आणि सगळ्या रत्नागिरीने शंभूशेटच्या घरचं मीठ चाटलं होतं!

परत येताना मी गुरुजींची सोलापुरी चादर पांघरून आलो. (गुरुजींनी आपला सदरा देऊ केला होता, तो मला रुमालासारखा झाला.) चालताना मला पालीची मुलगी आठवत होती. खरं सांगतो, लाज वाटली. त्या मुलीला अंगणात चालताना कसं झालं असेल हे मला फक्त दोन खेपा मारून कळलं, आणि मी तर पुरुष, नोकरदार, वर कुणी हसलंही नव्हतं. अण्णा वाटभर शंभूशेटवर फिर्याद रचत होते. दुसऱ्या दिवशी बाजारात ते त्याच्यावर ओरडले तेव्हा तो म्हणाला, "कोट घालून खाडीत बसायला मी सांगितलं व्हतं?"

आईने मात्र मला बघताच पोटाशी धरलं. "एका दिवसात केवढा वाळलास रे!" चादर सैल होती एवढंच.

मालगुंडचा नकार येणार हे आम्ही धरून चाललो होतो. चार दिवसांनी गुरुजींचं पत्र आलं. अण्णांनी ते दोनदा वाचलं, उलटं करून बघितलं, मग आईला दाखवलं. त्यात होकार होता! वैशाखात लग्न झालं. लग्नाचा कोट द्वारकाने स्वतः शिवला, कापड दोन दिवस भिजवून, अंगावर माप घेऊन. आणि माप तिने कोणाला ऐकवलं नाही.

होकार का दिलास, हे मी तिला लग्नानंतर विचारलं. ती म्हणाली, "आणखी एक स्थळ होतं. मुलगा सडपातळ, गोरा. त्याने मला तीनदा चालायला लावलं. आणि तुम्ही! आत्याने सगळ्यांपुढे पाणउतारा केला, तरी आपली चूक ओळखलीत, एक अक्षर न बोलता उठलात नि चाललात. असा पुरुष मी बघितलाच नव्हता." ही गोष्ट ती आजही सुनांना सांगते. सुना माझ्याकडे आदराने बघतात. मी मान खाली घालतो.

तिला मी अजून सांगितलेलं नाही, की आत्याचं बोलणं ऐकून मी रागाने लाल होऊन (निळ्यावर दिसला नसेल) 'मुळीच चालणार नाही' असं म्हणायलाच उठलो होतो. पण त्या कोटात माझं पोट मावल्यावर एका 'नाही'पुरत्या श्वासालासुद्धा जागा उरली नव्हती!